ईदनंतर पुन्हा वजनाकडे

रमजानमध्ये सुटलेली व्यायामशाळा ईदनंतरही सुटलेलीच राहते, हे वर्धा, हिंगणघाट, पुलगावात नवे नाही. चाळिशीनंतर मात्र हा खंड महागात पडतो. वयाबरोबर स्नायू घटतातच, बसून राहिल्याने जास्त घटतात. मग सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो आणि मशिदीत खुर्ची शोधावी लागते.

एकदा कमावलेली ताकद पुन्हा लवकर येते. सांध्यांना मात्र वेळ लागतो. म्हणून जुन्या वजनाच्या निम्म्यावर सुरुवात करावी आणि हळूहळू वाढवावे. जवान पोरांसमोर जुना आकडा उचलून दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना नडतो. श्वास रोखून वजन उचलू नये. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळच आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते; पासष्टीनंतर 3 दिवस तोल सांभाळण्याचाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा फजरनंतरची वेळ बरी.

घरातल्या अम्मी-खालांना तर याची जास्तच गरज, कारण पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात. त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून 10 वेळा उठावे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. पुढच्या महिन्यात बाटली मोठी घ्यावी.