ठोके देणाऱ्या पेशी

तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकरची बातमी एप्रिल २०२५ मध्ये जगभर गाजली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं ते यंत्र सुईवाटे शरीरात सोडता येतं आणि काम संपलं की विरघळून जातं. पण ते तात्पुरतंच. ज्यांना जन्मभर पेसमेकर लागतो, त्यांनी लक्ष ठेवावं असं संशोधन वेगळंच आहे.

स्वीडनच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात १९५८ मध्ये जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला आणि काही तासांतच बंद पडला. लार्सन २००१ पर्यंत जगले खरे, पण तोवर त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. बॅटऱ्या आता कितीतरी जास्त टिकतात, तरी बदलाव्या लागतातच. शिवाय तारा खराब होतात, जंतुसंसर्ग होतो.

निसर्गाने ठोके देण्याचं काम हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या जेमतेम दहा हजार पेशींवर सोपवलं आहे. गर्भात हा पुंजका घडवण्यात ‘टीबीएक्स१८’ या जनुकाचा हात असतो. तेच जनुक हृदयाच्या साध्या स्नायूपेशींत घातलं तर?

लॉस एंजलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात एदुआर्दो मार्बान आणि ही चोल चो यांच्या गटाने २०१४ मध्ये ते डुकरांवर करून दाखवलं. या डुकरांमध्ये पूर्ण हार्ट ब्लॉक घडवलेला होता, म्हणजे वरच्या कप्प्यातले ठोक्यांचे संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हते. छाती न उघडता, कॅथेटरने, निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर स्वार करून जनुक हृदयात सोडलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जागेतून ठोके निघू लागले. जनावर हालचाल करू लागलं की ठोके वाढत, आणि आधाराला ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक पेसमेकरची गरज फारशी पडली नाही. साधे स्नायू ठोके देऊ लागले, हे विलक्षणच आहे!

प्रयोग मात्र १४ दिवसांचा होता, आणि शरीराची प्रतिकारशक्ती असा विषाणू फार काळ टिकू देत नाही. टीकाकार इथेच बोट ठेवतात. पण पेसमेकरला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाचा विचार करा. यंत्र काढावं लागतं, अँटिबायोटिक्स चालू असतात आणि नवं यंत्र लगेच बसवता येत नाही. त्याला नेमका एवढ्याच दिवसांचा आधार हवा असतो. पहिला उपयोग तिथेच व्हावा.

माणसांवरचा वापर अजून दूर आहे. त्यामुळे डॉक्टरांनी पेसमेकर सुचवला असेल, तर अशा बातम्यांच्या भरवशावर तो लांबणीवर टाकू नका.