२४ जानेवारीचा सूर्य

सकाळी ६. जानेवारीत मेडशीत या वेळी अंगावरची शाल सोडवत नाही. चहा घेता घेता आठवीच्या तासाचं टिपण काढतो. आजचीच तारीख, साल १५९७. नोवाया झेमल्या बेटावर बर्फात अडकलेल्या डच खलाशांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य या दिवशी पुन्हा दिसला. हा धडा आजच घ्यायचा.

१०. शाळेच्या मैदानावर २६ जानेवारीच्या कवायतीची तालीम, मग परिपाठ.

११. पृथ्वीगोल टेबलावर ठेवतो. मेडशी २० उत्तर अक्षांशाजवळ, विलेम बॅरेंट्स आणि त्या डच खलाशांचं जहाज गोठलं ते ७६ जवळ. ते आशियाची वाट शोधत निघाले होते. मी विचारतो, "युरोपातून आशियाला यायचं तर बर्फातून कशाला?" एक मुलगी म्हणते, "जवळ पडते म्हणून, सर." बरोबर आहे, पण दुसरं कारण आपल्या गोव्यात आहे. आफ्रिकेला वळसा घालणारी वाट पोर्तुगीजांच्या हातात, लिस्बनचं बंदर डच व्यापाऱ्यांना बंद होत चाललेलं. यान हायगेन व्हॅन लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याला आला, आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाचेक वर्षं राहिला, तिथला व्यापार आणि सागरी वाटा त्यानं टिपून घेतल्या. हाच माणूस १५९४ आणि १५९५ च्या उत्तरेकडच्या मोहिमांत होता, बॅरेंट्सही त्यांत होता. मांडवीकाठी राहिलेला माणूस कारा समुद्रातला बर्फ पाहून आला, हे आपल्या मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं.

११.४५. जोडतास आहे, घाई नाही. उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाकडे चोवीस तास ऊन असतं, तेव्हा बर्फ वितळून वाट मोकळी होईल, असा भूगोलतज्ज्ञ पेट्रस प्लान्शियसचा कयास होता. तो चुकला. १५९६ च्या तिसऱ्या मोहिमेत जहाज बर्फात रुतलं. वाहून आलेली लाकडं आणि जहाजाच्या फळ्या जोडून खलाशांनी घर उभं केलं. घड्याळ गोठून बंद पडलं, तेव्हा बारा तासांच्या वाळूच्या घड्याळावर दिवस मोजले. ऊब धरून राहावी म्हणून फटी बुजवून कोळसा पेटवला, तर धुरानं गुदमरून मरता मरता वाचले. हे सगळं आपल्याला कळतं ते त्यांच्यातल्याच गेरिट दे व्हेरच्या रोजनिशीमुळे.

१.३०. मधली सुट्टी. खिचडीच्या रांगेतून प्रश्न येतो, "सर, मंग त्यायनं खाल्लं काय?" सापळ्यात सापडलेले कोल्हे.

२.१५. शिक्षक खोलीत एक सहकारी म्हणतात, हे अभ्यासक्रमात कुठे आहे? नाही. पण वास्को द गामा पोहोचला म्हणून तेवढाच शिकवायचा, हे मला पटत नाही.

३. सूर्याचं कोडं. बॅरेंट्सच्या गणितानं सूर्य अजून पंधरा दिवस दिसायला नको होता, म्हणून त्यानं विश्वासच ठेवला नाही. त्याचं गणित बरोबर होतं आणि पाहणारेही खरे होते. थंड हवेच्या थरांतून प्रकाश वाकून आला आणि क्षितिजाखालचा सूर्य वर दिसला. मे महिन्यात अकोला-वाशीम रस्त्यावर पुढे पाणी भासतं, तेही प्रकाशाच्या वाकण्यानंच. मुलं लगेच मान डोलावतात.

४.४५. दप्तरं भरताना शेवटचा प्रश्न : ते परतले का? २० जून १५९७ ला परतीच्या वाटेवर, उघड्या होडीत बॅरेंट्स वारला. सतरापैकी बारा जण ॲमस्टरडॅमला पोहोचले. आशियाची ती उत्तरेकडची वाट शेवटी नॉर्डनशल्डच्या 'वेगा' जहाजानं १८७८-७९ मध्ये पार केली, आणि त्यालाही वाटेत एक हिवाळा बर्फात काढावा लागला.