रिकामी पिकअप रस्ता का धरत नाही?

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरायचा, वाशीला माल टाकायचा आणि रिकामं परतायचं, हा जुन्नर भागातल्या कितीतरी पिकअपवाल्यांचा रोजचा धंदा. त्यातल्या कुणाची गाडी जाताना सरळ चालते आणि येताना नागमोडी. सरळ डांबरी रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं, शेजारून ट्रक गेला की गाडी हातभर सरकते. ड्रायव्हर गॅरेजात येऊन सांगतो, ‘स्टेअरिंगचं काम काढलंय.’ मेकॅनिकही स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

खरं तर निदानाचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या तक्रारीतच होता. भरलेली सरळ आणि रिकामी वेडीवाकडी असेल, तर आधी मागचे पाटे मोजावेत. मालकाने ते वाढवून घेतलेले असतात. दीड टनाच्या गाडीत पावणेदोन टन माल टाकायचा, म्हणून कमानीत एक-दोन जादा पाटे घालायचे, हा आपल्याकडचा सर्रास उद्योग. माल असताना पाटे दबतात आणि गाडी सपाट उभी राहते. हौदा रिकामा झाला की मागची बाजू वर उचलली जाते. ड्रायव्हरला एवढंच दिसतं, पण बिघाड पुढच्या चाकांत झालेला असतो.

पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष अगदी उभा नसतो. त्याचा माथा किंचित मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. हा अक्ष खाली वाढवला, तर तो चाक जिथे टेकतं त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला लागतो. म्हणजे टायर अक्षाच्या मागून फरफटत येतो. मॉलमधल्या ट्रॉलीची पुढची चाकं ढकलल्याबरोबर आपोआप सरळ होतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टेअरिंग मध्यावर येतं, त्यातही कॅस्टरचा मोठा वाटा असतो.

आता हिशेब मांडू. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर धरा. मागची बाजू ५ सेंटिमीटर उचलली गेली, तर सगळी चासी जवळजवळ १ अंशाने पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढाच घटतो. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर असेल, तर ३ अंश कॅस्टरला टायर अक्षापासून सुमारे १७ मिलिमीटर मागे राहतो; २ अंशांना जेमतेम साडेअकरा. चाक सरळ करणाऱ्या या अंतराचा एक तृतीयांश भाग पाट्यांनी खाल्ला. बॉक्सचा स्क्रू कितीही आवळला तरी तो परत मिळत नाही.

तक्रार उलटीही असू शकते: रिकामी ठीक, भरल्यावर हलकी. तेव्हा हौद्यातला माल बघावा. फाळका उघडा टाकून मागच्या एक्सलच्या मीटरभर मागे २०० किलो लादले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचं सत्तरएक किलो वजन कमी होतं. भार कमी झाला की टायरची पकड ढिली होते. इथे पान्याची गरजच नाही, क्रेट पुढे सरकवले की काम झालं.

दोन्हीपैकी काहीच नसेल, तर मग खाली शिरायचं. गाडी जमिनीवर, हॅंडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. एकाने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग बोटभर डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर तळवा ठेवायचा. झिजलेला जॉइंट डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतो: आधी बारीक ठक्क, मग हालचाल. त्यानंतर चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग ढिलं आहे. राहिला तर किंगपिनचा बुश किंवा बॉल जॉइंट.

कायदा स्टेअरिंगच्या खेळाबाबत, म्हणजे प्लेबाबत, भलताच उदार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टेअरिंगला ३० अंशांपर्यंत प्ले चालवून घेतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हे कडेने मोजलं तर सुमारे साडेदहा सेंटिमीटर भरतं. एवढ्या प्लेने माळशेज उतरणाऱ्याला कागदोपत्री कुणी दोष देणार नाही, पण मी त्या गाडीत बसणार नाही.

बॉक्सच्या स्क्रूबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. बॉक्समधले दाते मध्यावरच सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. ती झीज भरून काढायला स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला, तर वळणावर दाते अडकतात. स्टेअरिंग आपोआप मध्यावर परतत नाही आणि ड्रायव्हर पुन्हा उजवं-डावं करत बसतो. औषधानेच रोग वाढवला. म्हणून हा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाने.

टायरमधली हवा मात्र सगळ्यात आधी, आणि टायर थंड असताना. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन अशी जोडणी असेल तर ती आजच मोडा.

पाट्यांचा दोष असेल, तर खरा उपाय जादा पाटे काढण्याचाच. पुढे सलग एक्सल असेल, तर पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये उतरती पाचर बसवून कॅस्टर परत मिळवता येतो. ती उलटी बसली तर उरलासुरला कॅस्टरही जातो, म्हणून हे काम माप घेणाऱ्याकडेच द्यावं. पुष्कळ ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बघतात आणि पावती फाडतात. पुढच्या वेळी गेलात की दोन्ही चाकांच्या कॅस्टरचे आकडे छापून मागा; ते देता येत नसतील, तर दुसरं दुकान शोधा.