खतावणीतील धन आणि ऋण

जालन्याच्या मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या आडतीचा व्यवहार पाहणारा मुनीम, बीजगणिताचा ग्रंथ त्याने कधी उघडला नसला तरी, धन आणि ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी नित्य बिनचूक करीत असतो. आणि सहावीच्या वर्गात पूर्णांक संख्या शिकताना मुले जेथे हटकून अडखळतात, तेथे तो क्षणभरही थबकत नाही.

समजा, बदनापूरकडील एका शेतकऱ्याने पेरणीसाठी १२,००० रुपयांची उचल घेतली; ती त्याच्या नावे पडली, अर्थात खाते उणे १२,००० झाले. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आले, हमाली-तोलाई वजा जाता ९,००० जमा झाले, आणि ३,००० नावे उरले. पुढे दवाखान्यापायी २,००० ची आणखी उचल झाली, तेव्हा ऋणात ऋण मिळून ते ५,००० झाले. आणि माघात तुरीचे ८,००० जमा पडताच खाते शून्य ओलांडून ३,००० ने फाजील झाले. एकाच जातीच्या रकमा मिळवाव्यात, भिन्न जातीच्या असल्यास मोठीतून लहान काढून मोठीची जात उत्तरास द्यावी, समसमान असल्यास शून्य मानावे, हे बेरजेचे सारे शास्त्र ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य याच संज्ञांनी घालून दिले आहे.

खरी कसोटी आहे ती ऋण वजा करण्याची. ‘उणे उणे अधिक’ हा मंत्र मुलांकडून घोकून घेतला जातो, आणि त्यामागील कारण मात्र अबोल राहते, हे मला फार खटकते. पूर्वी तगाईची थकबाकी माफ होई तेव्हा, किंवा २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ झाले तेव्हा, शेतकऱ्याच्या हाती रोख दमडीही पडली नाही. तरीही त्याची सांपत्तिक स्थिती माफीच्या रकमेइतकीच वर आली. उणे ५,००० मधून उणे २,००० वजा केले की उणे ३,००० राहतात, ते याच कारणाने: ऋण काढून घेणे आणि तितकेच धन देणे यांचे फल एकच. याउलट, फाजील ३,००० असताना ८,००० काढले, तर उणे ५,००० उरतात.

ज्या अजिंठ्याच्या रांगा भोकरदनच्या उत्तरेस दिसतात, त्यांच्याच पश्चिमेकडील पायथ्याशी, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्य ऋण संख्येच्या माथ्यावर बिंदू देत. त्यांच्या ‘बीजगणिता’त एक उदाहरण आहे: वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक वानर फांदीवर दिसले, तर कळप केवढा? उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि फांदीवरचे एक मिळून पुन्हा पाचच. म्हणजे गणित निर्दोष आहे. तरीही आचार्यांनी ५ हे उत्तर त्याज्य ठरविले, कारण उणे दोन रुपये खात्यावर असू शकतात, पण उणे दोन वानरे कोणत्याही कळपात असू शकत नाहीत.