लवादाची मुदत संपली, म्हणजे केस संपली का?

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. इलेक्ट्रिकल पॅनेलची कामं घेतो. कंपनीने बिल अडवलं, करारात लवादाची अट होती, म्हणून हा लवादाकडे गेला. दोन्ही बाजूंचे कागद मार्च २०२४ मध्ये दाखल होऊन झाले. मग तारखा, साक्षी, पुन्हा तारखा. एप्रिल २०२५ च्या सुनावणीत समोरचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, "लवादाचे अधिकार संपले, आता पुढे चालवता येणार नाही." ह्याचा प्रश्न एवढाच होता: "दादा, माझे पैसे बुडाले का?"

नाही बुडाले. पण का नाही, ते नीट समजून घ्या.

आपल्याकडे लवादाचा कायदा १९९६ चा. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम २९ए आलं, कारण कोर्टापेक्षा लवकर निकाल लागावा म्हणून निवडलेला लवादच वर्षानुवर्षं रेंगाळत होता. २०१९ मध्ये हिशोब थोडा बदलला. दावा आणि त्याला उत्तर यासाठी सहा महिने धरलेत. ते कागद पूर्ण झाले की तिथून १२ महिन्यांत निवाडा यायला हवा. दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी सहा महिने मिळतात, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. (आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाला ही १२ महिन्यांची सक्ती नाही, तो विषय वेगळा.)

आता गंमत बघा. ज्याला पैसे द्यायचेत, तो वाढीव सहा महिन्यांना कशाला हो म्हणेल? तो गप्प बसतो. मुदत सरते आणि कायदा म्हणतो, लवादाचा अधिकार संपला. मग एकच दार उरतं, ते कोर्टाचं.

पण मुदत संपून गेल्यावर अर्ज केला तर? इथे हायकोर्टांची मतं फुटली होती. कलकत्ता हायकोर्टाचं म्हणणं, अर्ज मुदतीच्या आतच हवा. मुंबई आणि दिल्ली हायकोर्टांनी नंतरचा अर्जही चालेल असं धरलं. १२ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या प्रकरणात वाद मिटवला: अर्ज मुदत संपल्यावरही करता येतो. कलमातच लिहिलंय की कोर्ट मुदत 'संपण्याआधी किंवा संपल्यानंतर' वाढवू शकतं. मला हा निकाल पटतो. नाहीतर एक तारीख चुकली म्हणून दोन वर्षांच्या साक्षी, फी, खेटे सगळं पाण्यात, आणि फायदा कुणाचा? उशीर करणाऱ्याचा.

म्हणून निवांत बसू नका हं. मुदतवाढ आपोआप मिळत नाही, 'पुरेसं कारण' दाखवावं लागतं. कोर्ट विचारणार, उशीर कुणामुळे झाला? रोजनामा इथेच कामाला येतो: कोणत्या तारखेला कोण आलं नाही, कुणी वेळ मागितला, सगळं त्यात असतं. दोष लवादाचा निघाला तर कोर्ट त्याची फी महिन्यामागे ५ टक्क्यांपर्यंत कापू शकतं, लवाद बदलूही शकतं. बदलला तरी काम पहिल्यापासून सुरू होत नाही, नवा लवाद आधीच्या पुराव्यावरूनच पुढे जातो. पक्षकार खोडा घालत असेल तर त्याच्यावर खर्च बसू शकतो. आणि असा अर्ज कोर्टाने नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असंही कायद्यात आहे. प्रयत्न, बरं का.

एक धोका मात्र आहे. मुदत संपलीये, अर्ज केलेला नाही, आणि लवादाने तसाच निवाडा दिला, तर हरलेल्या बाजूला आव्हान द्यायला आयतं निमित्त मिळतं. जिंकूनही पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आपल्या श्रोत्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. रोजनाम्याच्या सगळ्या प्रती गोळा कर, आणि अर्ज नेमका कोणत्या कोर्टात करायचा हे वकिलाला आजच विचार, कारण यावरही बरेच वाद झालेत. त्याने रात्री रोजनाम्याचे फोटो पाठवले. मी मोजलं: अकरा तारखांपैकी सात वेळा वेळ मागितला होता कंपनीनेच.