तळहाताआडचे पान

प्रेक्षक कॅटमधून बदामाची सत्ती ओढतो, तिच्यावर स्वतःची सही करतो आणि पान परत देतो. जादूगार पत्ते पिसतो, कॅट टेबलावर ठेवतो आणि कोटाच्या आतल्या खिशातून चामडी पाकीट काढतो. पाकिटात तीच सत्ती असते आणि तिच्यावर तीच सही. जगभरचे जादूगार आवडीने करतात अशा या प्रयोगाचा बराचसा भार एका लहानशा कृतीवर असतो. ती म्हणजे कॅटवरचे पान कोणालाही न कळता तळहातात घेणे. जादूगार तिला ‘पामिंग’ म्हणतात.

पामिंग हे पत्त्यांच्या हातचलाखीतले सर्वांत धाडसी काम मानले जाते. खोटे पिसणे किंवा खोटे काटणे फसले, तर कॅट निदान जागच्या जागी असतो. तळहातातले पान उघडे पडले की सारवासारव करायला काही उरत नाही. म्हणूनच अनेक हौशी जादूगार पामिंगपासून चार हात दूर राहतात. जे त्याच्या नादी लागतात, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो निवडीचा. पान लपवण्याचे इतके प्रकार पुस्तकांत दिले आहेत, त्यांतला नेमका कोणता शिकावा?

हे तंत्र दीडशे वर्षांपूर्वीच छापील पुस्तकांत आले होते. ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अँजेलो लुइस या इंग्रज वकिलाने 1876 साली ‘मॉडर्न मॅजिक’ या पुस्तकात ते समजावून सांगितले. 1902 मध्ये शिकागोत ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव होते एस. डब्ल्यू. अर्डनेस, हे नाव धारण करणारा माणूस नेमका कोण, याचा वाद आजही मिटलेला नाही. पुस्तकाच्या पहिल्या भागात जुगाराच्या टेबलावरच्या लबाड्या आहेत, दुसऱ्यात जादूचे प्रयोग. कॅटच्या वरचे पान आणि तळाचे पान तळहातात घेण्याच्या रीती त्यात इतक्या बारकाईने दिल्या आहेत, की पत्त्यांची जादू गांभीर्याने शिकणारे आजही त्या पुस्तकाकडे वळतात.

सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे पूर्ण तळहाताचा, ‘फुल पाम’. पोकर आकाराचे पान 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर लांब असते. म्हणजे त्याचा कर्ण भरतो सुमारे 108 मिलिमीटर. पानाचा एक कोपरा करंगळीच्या टोकाशी आणि समोरचा कोपरा अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागात अडकवला, की पान किंचित वाकून तळहाताच्या खोलगट भागात बसते. अंगठा आणि बाकीची बोटे मोकळी राहतात. एकाऐवजी चार-पाच पानेही याच पकडीत राहू शकतात. ब्रिजचे पत्ते 57 मिलिमीटर रुंद असतात. हात लहान असेल तर हे सहा मिलिमीटर कामी येतात. मात्र लहान हात म्हणजे पामिंग अशक्य, असा समज करून घेऊ नये. मॅक्स मालिनी (1873–1942) या जादूगाराचे हात लहान होते आणि तरीही हातचलाखीच्या बळावर त्याने जगभर दौरे केले.

या प्रकारातले दोष शिकाऊ माणसाच्या हातात लगेच दिसतात. बोटांच्या फटींतून पानाची पांढरी कडा डोकावते. अंगठा खुंटीसारखा ताठ उभा राहतो. सगळा हात आखडतो आणि पान दिसले नसले, तरी या हातात काहीतरी आहे हे समोरच्याला कळते. शेवटच्या दोषावर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे त्या हाताला काम देणे. ज्या हातात पान आहे त्याच हाताने कॅट दोन्ही टोकांकडून धरला, तर बोटांना वाकण्याचे कारण मिळते आणि वाकलेल्या बोटांचे कोणाला नवल वाटत नाही.

याच विचाराला डाय व्हर्नन (1894–1992) याने आयुष्य वाहिले. कॅनडात जन्मलेल्या आणि उतारवयात हॉलिवूडच्या ‘मॅजिक कॅसल’मध्ये रमलेल्या व्हर्ननला अर्डनेसचे पुस्तक जवळजवळ पाठ होते. हात नैसर्गिक दिसला पाहिजे, हा त्याचा कायमचा आग्रह होता. आधी तीच हालचाल काहीही न लपवता करा, हात कसा दिसतो ते पाहा आणि मग पान घेऊन हात तसाच ठेवा, अशी ही शिस्त. त्याची ‘टॉपिंग द डेक’ ही रीत 1941 मध्ये ‘सिलेक्ट सीक्रेट्स’ या पुस्तिकेत छापली गेली. डाव्या हातातला कॅट उजव्या हातात घेण्याची साधी क्रिया चालू असतानाच वरचे पान तळहातात जाते. वेगळी अशी हालचालच नसल्यामुळे पाहणाऱ्याच्या नजरेला अडखळायला जागा राहत नाही.

कॅटवरचे पान उचलण्याच्या रीती ढोबळमानाने दोन गटांत बसतात. पहिल्या गटात दोन्ही हात लागतात आणि डाव्या अंगठ्याने ढकललेले पान उजव्या हातात जाते. हे शिकायला सोपे आहे, पण त्यासाठी हात क्षणभर एकत्र आणावे लागतात आणि त्याला कारण हवे. दुसऱ्या गटात उजवा हात एकटाच काम करतो. करंगळीने पानाच्या कोपऱ्यावर दाब दिला, की पान उसळून तळहातात येते. हे काम वेगवान आहे, डावा हात हलतही नाही. पण करंगळीचा तो दाब अंगवळणी पडायला दीर्घ सराव लागतो.

याहून अगदी वेगळ्या जातीचा प्रकार म्हणजे ‘गॅम्बलर्स कॉप’. पत्ते वाटताना डावा हात कॅट जसा धरतो, तसाच तो इथे धरलेला असतो. उजव्या हाताने कॅट उचलून नेला, तरी एक किंवा अधिक पाने डाव्या हातात मागे राहतात. मग तो हात पालथा होऊन टेबलाच्या काठावर किंवा मांडीवर विसावतो. नावाप्रमाणे ही जुगाराच्या टेबलावरची चीज आहे आणि बसून जादू करणाऱ्याला ती फार सोयीची पडते. उभ्याने मात्र असा पालथा, स्वस्थ हात ठेवायला जागा शोधावी लागते.

जपानच्या तेन्काई इशिदा (1889–1972) याच्या नावाने ओळखला जाणारा ‘तेन्काई पाम’ आणखी वेगळा. यात पान तळहाताला चिकटून नसते. अंगठ्याच्या बेचक्यात ते जवळजवळ काटकोनात उभे धरलेले असते. त्यामुळे समोरच्याला हाताची मागची बाजू दाखवत बोटे फाकवता येतात, आणि फाकलेल्या बोटांत काहीच दिसत नाही. अडचण बाजूला बसलेल्यांची. त्यांच्या कोनातून पान लपत नाही.

‘बॅक पाम’मध्ये पान हाताच्या मागे, बोटांच्या आधाराने राहते आणि तळहात रिकामा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉवर्ड थर्स्टन आणि टी. नेल्सन डाउन्स यांनी अमेरिकी रंगमंचावर तो लोकप्रिय केला. ‘कार्डिनी’ या नावाने गाजलेला वेल्समधला रिचर्ड पिचफर्ड (1895–1973) तर हातमोजे घालून हवेतून पत्त्यांचे पंखे काढायचा. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या थंडीत हातमोज्यांनिशी सराव करताना त्याला ही सवय लागली होती. रंगमंचावर सगळे प्रेक्षक समोर बसतात, म्हणून तिथे हा प्रकार खुलतो. चहाच्या टेबलाभोवती बसलेल्या चार मित्रांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

तेव्हा निवड करायची कशी? बहुतेक शिकाऊ सुरुवात करतात ती पान उचलण्यापासून, कारण तीच क्रिया कौशल्याची वाटते. खरे तर सुरुवात शेवटापासून करायला हवी. पान अखेर कुठे जायचे आहे? पाकिटाच्या प्रयोगात उजवा हात कोटाच्या डाव्या बाजूच्या आतल्या खिशाकडे जातो. वाटेत त्याची पाठ प्रेक्षकांकडे असते, त्यामुळे पूर्ण तळहाताची पकड तिथे चपखल बसते. व्हर्ननच्या ‘द ट्रॅव्हलर्स’ या प्रयोगात कॅटमध्ये हरवलेले चार एक्के चार वेगवेगळ्या खिशांतून निघतात. म्हणजे तीच चलाखी पुन्हा पुन्हा करायची असते आणि प्रत्येक वेळी पान उचलायला निराळे निमित्त शोधावे लागते. एका प्रेक्षकाजवळच्या गठ्ठ्यातली तीन पाने दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेल्याचे दाखवणाऱ्या ‘कार्ड्स अक्रॉस’मध्ये तीन पाने एकत्र धरावी लागतात आणि गठ्ठा सरळ करताना त्यावर अलगद सोडावी लागतात. तिथे तेन्काई पामचा काही उपयोग नाही.

पान कुठे पोहोचणार हे ठरले, की उरलेले प्रश्न आपोआप सुटत जातात. पाने किती? प्रेक्षक फक्त समोर आहेत, की बाजूलाही? जादूगार बसलेला आहे, की उभा? आणि पान घेतल्यावर त्या हाताने काय करायचे आहे? ज्या हाताला काही करायचे नाही, त्याच्याकडे लक्ष जाते.

लक्ष कुठे जाते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनीही केला आहे. गुस्ताव कून आणि बेंजामिन टॅटलर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जादूगार सर्वांदेखत सिगारेट मांडीवर टाकत असे. बऱ्याच जणांना ते कळलेच नाही. त्यांच्या नजरेची नोंद पाहता, कळलेल्या आणि न कळलेल्या लोकांचे डोळे त्या क्षणी कुठे रोखलेले होते यात फारसा फरक नव्हता. फरक लक्षात होता. पामिंग करणाऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे. योग्य क्षणी प्रश्न विचारला, कोणाच्या डोळ्यांत पाहिले किंवा आधीच्या चमत्काराची दाद चालू असताना पान घेतले, तर साधी पकडही पुरते. चुकीच्या क्षणी सर्वोत्तम पकडही पकडली जाते.

नव्याने शिकणाऱ्याने दोनच प्रकार घ्यावेत आणि ते नीट घ्यावेत. उभ्याने करण्यासाठी कॅट एका हातातून दुसऱ्यात देताना घेतला जाणारा पूर्ण तळहाताचा पाम आणि बसून करण्यासाठी कॉप. एवढ्या बळावर पाकिटापासून ‘कार्ड्स अक्रॉस’पर्यंतचे बहुतेक प्रयोग करता येतात. सरावासाठी आरशापेक्षा मोबाइलचा कॅमेरा बरा. तो समोर आणि मग दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या उंचीवर ठेवावा, कारण प्रेक्षक तिथूनच पाहणार आहेत. बॅक पाम आणि तेन्काई पाम रंगमंचाची संधी येईपर्यंत बाजूला ठेवायला हरकत नाही.