स्पितीच्या वाटेवर दोघांचा प्रवास

मोटारसायकल, म्हणजे आपली जुनी फटफटी, ही एकट्याची स्वारी आहे असा अनेकांचा समज असतो. मागें बसणारें माणूस म्हणजे केवळ ओझें! सपाट मुलखांत असें मानलें तरी एक वेळ चालून जाईल. परंतु हिमालयांतील दूरच्या गांवांतून हिंडावयाचें असल्यास त्या जोडीदारावरच दोघांची सुरक्षितता कशी अवलंबून असते, तें हिमाचल प्रदेशांतील स्पिती खोऱ्याच्या उदाहरणानें आज सांगणार आहें. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं व माझ्या पत्नीनें हा प्रवास केला, तेव्हां हें केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे.

प्रथम उंचीचा विचार करूं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. स्पितीचें मुख्य ठाणें काझा हें सुमारें ३,७०० मीटरांवर आहे; लांगझा व हिक्कीम हीं गांवें सुमारें ४,४०० मीटरांवर वसलेलीं आहेत; आणि मनालीकडून येतांना लागणारी कुंझुम खिंड तर ४,५०० मीटरांहून उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें ५८ टक्केच उरतो. त्याचा परिणाम यंत्रावर होतो, तसाच माणसावरही होतो. इंजिनास ज्वलनासाठीं लागणारा प्राणवायु कमी मिळाल्यानें त्याची शक्ति घटते. नव्या गाड्यांत पेट्रोलाचें प्रमाण आपोआप बेताचें होतें. परंतु गेलेली शक्ति कांहीं परत येत नाहीं.

माणसाची गोष्ट याहून नाजूक आहे. डोकें दुखणें, मळमळणें, झोप न लागणें, अन्नावरची वासना उडणें, हीं उंचीच्या विकाराचीं पहिलीं लक्षणें होत. तीं दिसल्यावर आणखी वर चढूं नये. मात्र चालतांना तोल जाऊं लागला, बोलणें असंबद्ध झालें, किंवा स्वस्थ बसलें असतांही धाप लागली, तर मेंदूस सूज आल्याचा वा फुप्फुसांत पाणी सांचूं लागल्याचा तो इशारा असतो. अशा वेळीं दिवस असो वा रात्र, ताबडतोब खालीं उतरावें. विलंब प्राणावर बेततो. खरी अडचण ही कीं, ज्याला विकार जडतो त्याचीच विचारशक्ति मंदावते, आणि "मला कांहीं झालेलें नाहीं" असें तोच आग्रहानें सांगतो. म्हणून पारख दुसऱ्यानें करावयाची. जमिनीवर सरळ रेघ ओढून तिच्यावर टांचेला चवडा लावीत चालावयास सांगावें. पाऊल रेघेबाहेर पडूं लागल्यास अधिक पुरावा नको. चालकाला मागील माणसाचा चेहरा दिसत नाहीं. यास्तव तासातासानें थांबून एकमेकांकडे नीट पाहावें.

आम्हीं निघतांनाच एक नियम केला होता : वर जाण्यास दोघांची संमति हवी, खालीं उतरण्यास एकाची पुरे. काझाहून एके दिवशीं आम्ही लांगझा पाहण्यास गेलों. तेथें एका घरीं बसलों असतां पत्नीनें पुढ्यांतला चहा तसाच ठेवला. "जरा थकवा आहे," एवढेंच ती म्हणाली. परंतु खोदून विचारतां डोकेंही दुखत होतें व मळमळतही होतें. यजमानीणबाईंनीं शेजारची जीप मिळवून दिली, तींत पत्नीला बसवून मी मागोमाग उतरलों. पुढें कोमिक गांव पाहावयाचें होतें तें राहिलें. दुसऱ्या दिवशीं तिचें डोकें उतरलें. नियम आधींच ठरलेला असल्यामुळें वादांत वेळ गेला नाहीं.

मार्गही जिन्याच्या पायऱ्यांसारखा निवडावा. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये, असा वैद्यकाचा दंडक आहे. मनाली सुमारें २,००० मीटरांवर. तेथून एका दिवसांत काझास पोंचणें म्हणजे अनेक पायऱ्या एकदम ओलांडणें. उलट सिमल्याहून सतलजच्या कांठानें गेल्यास कल्पा, ताबो व काझा असे मुक्काम क्रमाक्रमानें उंचावत जातात. ताबोचा बौद्ध मठ इ. स. ९९६ मधील आहे. तेथील भित्तिचित्रें पाहण्यांत विश्रांतीचा दिवस सहज जातो.

वाटेंतही जोडीदाराचीं कामें ठरलेलीं असतात. चालकाची नजर चाकापुढें खिळलेली. तेव्हां डोंगराकडून दगड घसरतात कीं काय, हें मागच्यानें पाहावें. बटाल ते छत्रू या टप्प्यांत बर्फाच्या पाण्याचे ओढे रस्त्यावरून वाहतात. ऊन चढलें कीं बर्फ वितळून दुपारीं पाणी फुगतें; म्हणून ते सकाळींच ओलांडावे. मागच्यानें आधीं उतरून गाडी हलकी करावी व उथळ जागा हेरून द्यावी.

या गांवांत पीक वर्षांतून एकच, तेंही जव व वाटाणा यांचें. शेताला पाणी बर्फाचें आणि खत बहुधा घरच्या कोरड्या संडासांतलें. तेव्हां पाहुण्यानें स्नानाला बादलीभर पाणी मागूं नये, संडासांत पाणी ओतूं नये, पाटावर गाडी धुऊं नये. भेटतांच "जुले" म्हणावें. तो तेथील नमस्कार होय.

अशा प्रवासासाठीं गाडी कोणती घ्यावी, असें पुष्कळजण मला विचारतात. माझ्या मतें, मागें कोण बसणार, आणि त्यानें "परत फिरूं" म्हटल्यास आपण फिरूं कां, हा प्रश्न आधीं सोडवावा.